लाखेची दोन पोती

ती घटना आठवली की मला आजही आधी हसू येतं आणि मागाहून थोडी लाज वाटते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, एक-दोनदा पेपरातही झळकलो. पण चार माणसं जमली आणि 'पोलिसातलं काहीतरी सांगा' म्हणाली, की मी हीच हकीकत सांगतो. नावं कुणाचीच देत नाही. त्यातली बरीच माणसं आता नाहीत, आणि जी आहेत त्यांना आपली फजिती छापून आलेली आवडायची नाही. माझी स्वतःची फजिती मात्र लपवणार नाही.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मी वऱ्हाडातून बदली होऊन जबलपूरला आलो होतो आणि सदर बाजारच्या चौकीवर फौजदार होतो. शहराची झोपच उडाली होती म्हणा ना. लष्करी कारखान्यांचे भोंगे दिवसातून किती वेळा व्हायचे त्याला हिशेब नव्हता. पाळी सुटली की सदरच्या रस्त्यावर सायकलींचा लोंढा, त्यात टांगे, त्यात सुट्टीवरचे सोल्जर. चौकीवर रोजच्या तक्रारी म्हणजे सायकल हरवली, टांगेवाल्यानं जास्त भाडं मागितलं, सोल्जरनं हॉटेलातली खुर्ची मोडली. मला मदतीला एक बुंदेलखंडी हवालदार होते. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, मिशा पांढऱ्या, आणि कायद्याच्या पुस्तकापेक्षा स्वतःच्या नाकावर त्यांचा जास्त विश्वास. मला ते 'दरोगाजी' म्हणायचे, पण अशा सुरात, की 'बाळा' म्हटल्यासारखं वाटावं.

तुळशीच्या लग्नानंतरच्या आठवड्यात एका कारखान्याच्या साहेबाचा निरोप आला. सैन्यासाठी लाकडी गाड्या बनवणारा कारखाना. वार्षिक तपासणीत गोदामातली दोन पोती लाख कमी भरली होती.

आता लाख म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. कुसुम, पळस, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर तांदळाच्या कणीएवढे किडे वस्ती करतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेसारखं कवच करून त्यातच राहतात. ते कवच खरवडून, वितळवून, गाळून पातळ पापुद्रे करतात, त्याला चपडा म्हणतात. त्याचं वार्निश होतं, ग्रामोफोनच्या तबकड्या होतात, बांगड्या होतात. लढाई सुरू झाली आणि गाड्यांना, गोळ्यांना, विजेच्या यंत्रांना सगळीकडे लाखच लागू लागली. बाजारातून ती दिसेनाशी झाली. त्यामुळे दोन पोती लाख म्हणजे युद्धसामग्रीची चोरी, आणि युद्धसामग्रीची चोरी म्हणजे काय, ते साहेबानं मला टेबलावर बोट आपटून सांगितलं.

"शनिवारपर्यंत अटक पाहिजे," तो म्हणाला. तो दिवस सोमवार होता.

अटक कुणाला, हेही त्याच्या मनात ठरलेलं होतं. गोदामाची किल्ली एकाच माणसाकडे असायची, तो म्हणजे स्टोअरकीपर. सगळे त्यांना स्टोअरबाबू म्हणत. मराठी माणूस, तीन पिढ्या जबलपुरात, पन्नाशी उलटलेली, बावीस वर्षांची नोकरी. कोटाची सगळी बटणं लावणारा आणि पेन्सिल संपेपर्यंत वापरणारा गृहस्थ. अटक झाली असती तर नोकरी आणि पेन्शन दोन्ही गेलीच असती, वर युद्धाच्या कायद्याखाली तुरुंग होता.

मी त्यांचा जबाब घ्यायला बसलो तेव्हा त्यांनी आधी मला पाणी दिलं. मग म्हणाले, "साहेब, मी काहून नेईन हो लाख? घरी काय गाड्या रंगवून राहिलो का मी?"

"मग गेली कुठं?"

"तेच तर मी बी स्वतःले इचारून राहिलो."

हे उत्तर मला तेव्हा उद्धटपणाचं वाटलं. वयानं मी तिशीच्या आत होतो आणि समोरचा माणूस घाबरला नाही की मला राग यायचा.

गोदामाच्या दारासमोर एक कडुनिंब होता. त्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला, हातभर उंचीचा गोल देव होता, 'गोदामवाले बाबा'. कामगार आत जाताना तिथे हात जोडायचे, नारळ फोडायचे, कुणी खडीसाखर ठेवायचं. तपासाला गेलो की मीही टोपी काढून नमस्कार करायचो. स्टोअरबाबू तर सकाळी कुलूप उघडण्याआधी डोळे मिटून तिथे बराच वेळ उभे राहायचे. ते पाहून हवालदार माझ्या कानाशी म्हणाले होते, "दरोगाजी, चोर इतनी देर नहीं खड़ा होता." मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मंगळवार-बुधवार मी तोच प्रश्न वीस तऱ्हांनी विचारला. हात कुणावर उगारला नाही, पण जेवायला उशीर कर, ताटकळत बसव, हमालांनाही एकेक करून बोलाव, असे सगळे प्रकार केले. बुधवारी संध्याकाळी स्टोअरबाबू अचानक म्हणाले, "लिहा साहेब. घेतली मी."

मी खूश होऊन टाक उचलला. "कुणाला विकली?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "कोणाले विकली म्हणून लिहू? तुमीच सांगा. त्या गरीब हमालांले घरी जाऊ द्या, बस."

मी टाक खाली ठेवला. चोर खोटं बोलतो ते सुटण्यासाठी. हा माणूस अडकण्यासाठी खोटं बोलत होता. मी तो कागद फाडला आणि सगळ्यांना घरी पाठवलं. पण माझी खात्री साहेबाच्या काय कामाची? त्याला शनिवारी माणूस हवा होता.

गुरुवारी सकाळी खबर आली. खबर देणारा एक टांगेवाला होता, आमचा जुना माणूस. "साहब, गढ़ा में एक बुढ़िया लाख की चूड़ियाँ बना रही है। पूरे शहर में लाख नहीं, उसके पास कहाँ से आई?"

मला वाटलं, सुटलो! दोन पंच, हवालदार आणि मी शहराच्या टोकाच्या गढा वस्तीत पोचलो. गल्लीच्या टोकाला एका ओसरीवर म्हातारी बसली होती. समोर निखाऱ्यांची शेगडी, हातात लाकडी काठी, काठीच्या टोकाला लालभडक मऊ लाख. ती जातीची लखेरीण, लाखेच्या बांगड्या घडवण्यातच जन्म गेलेला. मी झडती घेतली. घरातून एक गाठोडं लाख आणि नवरीच्या बांगड्यांचा एक चुडा मिळाला. पंचनामा झाला, मुद्देमाल कापडात बांधला, आणि मी तो सीलबंद करायला आमच्या पेटीतली लाखेची कांडी काढली.

म्हातारी शेगडीपाशीच बसून सगळं पाहत होती. कांडी पाहिली आणि खो खो हसायला लागली. "काए दरोगाजी, लाख को पकड़ने आए, और लाख ही लगाओगे?"

पंचांनाही हसू आवरेना. मी गुरकावलो, "ये लाख कहाँ से चुराई?"

आता मात्र तिचा पारा चढला. "चुराई? आँख है के नईं? कारखाने की लाख देखी है कभी? जा, काँच ले आ अपना!"

बोटांचे ठसे पाहायचं भिंग माझ्याकडे होतं. तिनं गाठोड्यातला खडा माझ्या तळहातावर ठेवला. भिंगातून पाहिलं तर लाखेत काडीचे तुकडे, सालीचा भुगा आणि बारीक लालसर किड्यांचे अवशेष गच्च भरलेले. गोदामातून नमुना म्हणून आणलेला चपडा माझ्या खिशात होता. तो काचेसारखा स्वच्छ. वितळवून गाळलेल्या लाखेत किडा परत कसा येणार? तिची लाख कच्ची होती, मंडल्याकडच्या तिच्या भाच्यानं पळसावरून काढून आणलेली. मोहल्ल्यातल्या एका मुलीचं लग्न होतं आणि लाखेच्या चुड्याशिवाय त्यांच्यात नवरी मांडवात बसत नाही, म्हणून म्हातारीनं ती जपून ठेवली होती.

मी नवरीचा चुडा जप्त केला होता! मी कापड सोडलं, चुडा परत दिला आणि दोन्ही हातांनी कान धरले. म्हातारीनं मला बसायला पाट दिला आणि मग बोलत सुटली. किती हजार किडे मेले म्हणजे एक बांगडी होते. लाख दुधात उकळून दिली की मोडलेलं हाड कसं सांधतं. तिच्या आजीनं राजघराण्यातल्या दागिन्यांत लाख भरली होती. "तुम लोग बाघ से डरते हो," ती म्हणाली, "काम सारा कीड़ा करता है।"

तिथे बसल्या बसल्या मी विचार करू लागलो. आमच्या चौकीतला एकूण एक पुरावा लाखेच्या मोहरेवर टिकून होता. मोहर तुटली की कोर्टात खटला पडायचा. कारखान्याच्या साहेबाच्या गळ्यातला टाय रेशमाचा. हवालदारांच्या खोकल्याचा मध. सरकारचं राज्य आम्ही चालवतो असं आम्हाला वाटायचं, आणि खाली बघावं तर किडे राबत होते. मला स्वतःचंच हसू आलं.

निघताना म्हातारी उठून उभी राहिली. "हमको चोर कहा, तो वो जगह दिखाओ, जहाँ से लाख गई।"

"अम्मा, वो कारखाना है, पास लगता है।"

"तो लगाओ पास।"

शुक्रवारी तिचा पास काढला. पासावर 'लाखेची तज्ज्ञ' असं लिहिलं आणि फाटकावरच्या शिपायानं तिला सलाम ठोकला, त्यावर ती दिवसभर खूश होती.

गोदामात स्टोअरबाबू आमच्याबरोबर आले. लाखेच्या थप्पीतली हरवलेली दोन पोती कुठे होती ते त्यांनी दाखवलं, सगळ्यात मागे, अगदी भिंतीला लागून. म्हातारीनं भिंतीला तळवा लावला आणि चटकन मागे घेतला.

"यहाँ रखी थी? कौन अक्कलवाले ने रखी?"

"हम ही रखते हैं, अम्मा," स्टोअरबाबू ओशाळून म्हणाले. "बरसात में सीलन न लगे इसलिए। दस साल से यहीं रखते आए।" मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "भिंतीपलीकडं लाकूड वाळवायची भट्टी आहे साहेब. भिंत जराशी कोमट राहते, माल कोरडा राहतो."

"कोमट?" मी हात लावून पाहिला. भिंत चटका देत होती.

तेव्हा सगळं एकदम उलगडलं. दहा वर्षं भट्टी दिवसाचे काही तास चालायची. लढाई लागल्यापासून ती चोवीस तास पेटलेली होती. भट्टी वाढली ते सगळ्यांना माहीत होतं, पण भट्टीपाठी भिंत असते आणि भिंतीपाठी लाख, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यात वर पत्र्याचं छप्पर आणि गेल्या मे महिन्यातला जबलपूरचा उन्हाळा.

म्हातारी जमिनीवर बसली. फरशीवरचा एक काळसर डाग तिनं नखानं खरवडला, नख नाकाशी नेलं, चिमूटभर भुकटी काडीच्या ज्योतीवर धरली. गोड, राळेसारखा वास पसरला.

"यहीं बैठ गई थी," ती म्हणाली. "जम के डला हो गई होगी। अब डला कहाँ है?"

वितळून घट्ट झालेली ती ढेप कुठे गेली ते विचारायला मी हमालांना बोलावलं. उन्हाळ्यात स्टोअरबाबू महिनाभर रजेवर होते. त्यांच्या जागी आलेल्या बदली बाबूनं पावसाळ्याआधी गोदाम झाडून घेतलं होतं, आणि तो मग दुसऱ्या डेपोला निघून गेला होता.

"झाडताना इथे काय सापडलं?"

हमालांचा मुकादम डोकं खाजवत म्हणाला, "कुछ नहीं हुजूर। फटे बोरे थे। और एक बड़ा पत्थर निकला था, काला, धूल में सना। बाबू बोले, फेंको। हम चार जनों ने सब्बल से लुढ़का के बाहर..."

त्याचं बोलणं तिथेच थांबलं. त्यानं दाराबाहेर पाहिलं. मग दुसऱ्या हमालानं पाहिलं. मग आम्ही सगळ्यांनी. कडुनिंबाखाली गोदामवाले बाबा बसले होते, नव्या शेंदरात, डोक्यावर झेंडूचं फूल.

"हे राम!" हवालदार म्हणाले आणि त्यांनी आधी बूट काढले.

पाऊस पडल्यावर त्या दगडावरची धूळ धुऊन गेली होती, आतून लाल तांबूस झाक चमकली होती, आणि मुकादमाला त्यात देव दिसला होता. पहिला शेंदूर त्यानंच लावला. चार महिन्यांत अख्खा कारखाना त्याला भजायला लागला. ज्या युद्धसामग्रीसाठी मी माणसं सोलत होतो, तिला मी स्वतः टोपी काढून रोज सकाळी नमस्कार करत होतो.

आता खरी पंचाईत पुढे होती. देव जप्त कसा करायचा? जेवणाचा भोंगा झाला आणि शे-दोनशे कामगार झाडाभोवती जमले. कुणीतरी ओरडलं, "बाबा को हाथ मत लगाना!" आमच्या लेखनिकाचा टाक पंचनाम्याच्या पहिल्या ओळीवरच अडला. "साहेब, काय लिहू? एक नग देव?"

मी पुढे होणार तोच म्हातारी देवासमोर जाऊन बसली. हात जोडले, काहीतरी पुटपुटली आणि मागच्या बाजूनं, जिथे शेंदूर नव्हता, तिथून नखाएवढा पापुद्रा काढला. देवापुढच्या धूपाच्या निखाऱ्यावर धरला. पापुद्रा मऊ झाला, तिनं तो बोटांत वळला आणि बघता बघता एक इवलीशी बांगडी करून मुकादमाच्या हातात ठेवली. तोच गोड वास सगळ्यांच्या नाकात शिरला.

मुकादमानं ती बांगडी उलटसुलट करून पाहिली. मग घसा खाकरून म्हणाला, "तो बाबा लाख के हैं।" मुकादमानं स्टोअरबाबूंकडे पाहिलं, पुन्हा देवाकडे पाहिलं, आणि मोठ्यानं म्हणाला, "बाबूजी को छुड़ाने बैठे थे! और अब लड़ाई पे जाएँगे! बोलो, गोदामवाले बाबा की..."

"जय!"

मग काय विचारता! गाडा आला, गाड्याला आंब्याच्या डहाळ्या बांधल्या, कुठून तरी ढोलकी निघाली, गुलाल निघाला. जप्तीचा मुद्देमाल मिरवत वजनकाट्यावर नेणारी पोलीस पार्टी आमच्याखेरीज दुसरी असेल असं मला वाटत नाही. हवालदार अनवाणी पुढे चालत होते. साहेब कचेरीच्या पायऱ्यांवर आला आणि तोंडातला पाइप हातात घेऊन बघतच राहिला. वजन दोन पोत्यांपेक्षा तीन शेर जास्त भरलं. लेखनिकानं तो फरक शेऱ्यात नोंदवला : 'शेंदूर व तेल.' शेरा वाचून साहेब इतका हसला की त्याला खुर्चीत बसावं लागलं.

स्टोअरबाबू काट्याशी उभे होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. त्यांनी टोपी काढली आणि काट्यावरच्या त्या ढेपेला वाकून नमस्कार केला. साहेबानं मला विचारलं, ही लाख आहे हे कळल्यावरही हा नमस्कार कशाला? मी तोच प्रश्न त्यांना केला.

"किड्यायनं बनवला म्हणून काय झालं साहेब?" ते म्हणाले. "रोज मी याच्यापाशीच उभा राहून म्हणत होतो, लाख सापडू दे. यानं तर सोताच सापडून दाखवलं."

मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि सर्वांदेखत माफी मागितली. फौजदारानं असं करू नये म्हणतात. मला त्या दिवशी ते करताना फार बरं वाटलं.

त्याच रविवारी मी आणि हवालदार गढ्यातल्या त्या लग्नाला गेलो. म्हातारीनं आम्हाला पहिल्या पंगतीत बसवलं आणि येईल त्याला माझी ओळख करून दिली, "यही हैं, जिन्ने चूड़ा पकड़ा था!" मी चार पुऱ्या जास्त खाल्ल्या. स्टोअरबाबूंनी लाख थंड बाजूच्या कोपऱ्यात हलवली आणि पुढे आठ वर्षं नोकरी करून मानानं निवृत्त झाले.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? गुन्हेगार शोधण्याचं शिक्षण आम्हाला ट्रेनिंगमध्ये भरपूर मिळतं. पण गुन्हा झालाय का, हे आधी शोधायचं असतं, ते मला एका बांगड्या करणाऱ्या म्हातारीनं शिकवलं. सोमवारी स्टेशन डायरीत मी पहिलीच ओळ 'लाखेची दोन पोती चोरीस गेली' अशी लिहिली होती. ती साहेबानं सांगितली म्हणून लिहिली, आणि एकदा लिहिल्यावर मला चोरच दिसायला लागला. भिंतीला हात लावून बघावं असं चार दिवसांत सुचलं नाही. एक सज्जन माणूस करू नये ती कबुली देऊन बसला, तो माझ्या त्या एका ओळीपायी.

नंतरच्या सगळ्या नोकरीत मी पहिल्या दिवशी डायरीत एकच शब्दप्रयोग वापरला, 'मिळून येत नाही'. दागिने मिळून येत नाहीत, बैल मिळून येत नाही, रोकड मिळून येत नाही. माझे लेखनिक वैतागायचे. एकानं तर तोंडावर विचारलं, "साहेब, भिंत फोडून तिजोरी नेली, तरी मिळून येत नाही असंच लिहू?"

"लिही," मी म्हणायचो. "चोर उद्याही लिहिता येईल. पण एकदा लिहिलेला चोर पुसायला देव काट्यावर चढवावा लागतो."